पाहुण्याचे अंदाजपत्रक

प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना माणूस साधारणतः आपल्या खिशाचा विचार करितो. मध्यम प्राप्तीच्या गृहस्थाने तो केलाच पाहिजे. परंतु ज्या प्रवासात परगावी स्नेह्याच्या घरी उतरावयाचे असते, त्याची अंदाजपत्रके दोन असतात. एक आपण करितो. दुसरे यजमानाच्या स्वयंपाकघरात, आपल्या नकळत, तयार होत असते. पहिले जितके आटोपशीर, तितके दुसरे फुगण्याचा संभव अधिक. गेल्या मार्गशीर्षात आम्हां उभयतांस सुरतेस जाण्याचा योग आला, तेव्हा या दुसऱ्या अंदाजपत्रकाचा विचार करणे आम्हांस प्राप्त झाले. तोच येथे सांगावयाचा आहे.

सुरत आम्हांस सर्वस्वी अपरिचित. मराठी माणसाच्या मनात या नगरीच्या नावापुढे ‘लूट’ हा शब्द आपोआप उभा राहतो. शिवछत्रपतींनी १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात मोगलांच्या या धनाढ्य बंदरावर स्वारी केली, एवढे आम्ही शाळेत शिकलो. आणि सुरतेविषयीचे आमचे शिक्षण तेथेच संपले. पुढे वाचनात आले की, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर तेथे अध्यापक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापिली. १९०७ च्या डिसेंबरात तर काँग्रेसच्या मांडवात जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली ती याच गावी, आणि त्या गोंधळात भिरकावलेला एक दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. तात्पर्य, आमच्याकडचे पाहुणे सुरतेस नवे नाहीत. कोणी घोड्यावरून गेले, कोणी पुस्तके घेऊन गेले, कोणी जोडे घालून गेले. आम्ही आपले हातात दोन पिशव्या घेऊन जावयाचे ठरविले.

निमित्त एका जुन्या स्नेह्याचे. विधिमहाविद्यालयात तो आमचा सहाध्यायी. मूळचा फोंड्याकडला. वकिली त्याला मानवली नाही. हिशेबनिसाचे काम पत्करून तो सुरतेस गेला आणि एका हिऱ्यांच्या कारखान्यात स्थिरावला. तापीपलीकडे अडाजण भागात त्याचे दोन खोल्यांचे घर आहे. घरात तो, वहिनी, आणि ऐंशी उलटलेल्या मातुश्री. ‘कधी येतोस?’ हा प्रश्न तो वर्षानुवर्षे विचारीत होता. यंदा आम्ही होकार कळविला आणि सहज लिहिले की, स्टेशनाजवळ एखादी स्वस्त खोली पाहून ठेव. त्याचे उत्तर एका ओळीत आले, ‘हॉटेलांत रावतलो जाल्यार म्हज्या घरा येवूं नाका.’ ज्यास कोंकणी कळते त्यास या वाक्यातील प्रेम समजेल, आणि त्यातील धमकीही.

येथवर सर्व यथास्थित होते. परंतु त्याच सुमारास त्याच्या एका आप्ताकडून आम्हांस कळले की, २०२२ नंतर हिऱ्यांच्या धंद्यावर जी मंदीची छाया पडली, तिच्या झळा त्यालाही लागल्या आहेत. कारखान्याचे कामाचे दिवस कमी झाले; त्याचा पगारही उतरला. ही गोष्ट त्याने आम्हांस कळविली नव्हती. तेव्हा ती आम्हांस ठाऊक आहे असे दाखविण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. खोली घ्यावी तर मानी मित्राचा अपमान. घरी उतरावे तर त्याच्या ओढग्रस्तीत भर. न जावे, तर आठ-दहा वर्षांच्या आमंत्रणाला काडीमोड.

वकिलाला अडचण पडली की तो कायद्याची पुस्तके उघडतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ५२ पाहिले, तर पाहुणा हा केवळ परवानगीने राहणारा इसम ठरतो. जागेवर त्याचा कसलाही हक्क उत्पन्न होत नाही. ती परवानगी काढून घेतली गेल्यास त्याने वाजवी मुदतीत आपल्या सामानासह निघून जावे, अशीही तजवीज कायद्याने करून ठेविली आहे. करार कायद्याचे कलम ७० असे आहे की, एखाद्याने दुसऱ्यासाठी काही केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. मात्र ते कृत्य फुकट करण्याचा हेतू नसला तरच. यजमानाचा हेतू फुकट करण्याचाच असतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहुणा पूर्ण मोकळा! धर्मशास्त्र पाहिले, तर तेथे आमची पात्रताच संशयास्पद. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. आणि मनुस्मृती अतिथीला एकच रात्र देते. आम्ही तर साठ दिवस आधी रेल्वेचे आरक्षण करणार आणि तीन रात्री राहणार.

अखेर निकाल दिला तो आमच्या सौभाग्यवतींनी. आम्ही कागदावर रकाने पाडले होते: गाडीभाडे, गावातील बसभाडे, फराळ, भेटवस्तू, किरकोळ. ‘निवास’ हा रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेविला होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, येथे शून्य घालू नका. आपल्याकडचे शून्य त्यांच्याकडे शून्य नसते. दोन माणसांचे दूध, दोन माणसांचा गॅस, आजींची हलवाहलव, वहिनींची सकाळ. हे कोणी तरी भरतेच.” मग आम्ही दोघांनी मिळून दुसरे अंदाजपत्रक करावयास घेतले, ते यजमानाच्या बाजूने.

पहिला प्रश्न गाडीचा. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सहाच्या सुमारास फ्लाइंग राणी सुटते. नाव राजेशाही, भाडे गरिबाचे. परंतु ती सुरतेस पोहोचते रात्री साडेदहाच्या सुमारास. म्हणजे मित्र स्टेशनावर तिष्ठत, वहिनी पाने वाढावयाच्या तयारीत, आणि आजी जाग्या. आम्ही सकाळची गाडी धरली. दुसरा प्रश्न मुक्कामाचा. तिसऱ्या दिवसानंतर राहणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयी आपल्या म्हणी काय बोलतात ते सर्वश्रुत आहे. म्हणून तीन रात्री, आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले, म्हणजे आग्रहाला पुराव्यानिशी उत्तर देता येते. तिसरा प्रश्न निजण्याचा. ‘आम्हांस बाहेरच्या खोलीतच झोप लागते’ असे पत्रातच कळवून टाकिले, जेणेकरून आजींचा पलंग हलू नये. चौथा प्रश्न भोजनाचा. रात्रीचे जेवण घरी, सर्वांबरोबर. दुपारी आम्ही गाव पाहात हिंडणार, तेव्हा जे मिळेल ते बाहेर. ‘सुरतेचे जमण आणि काशीचे मरण’ ही गुजराती म्हण येथे आमच्या साह्यास आली. सुरतेस येऊन लोचो, खमण रस्त्यावर खाल्ले नाही तर प्रवास फुकट, असे म्हटल्यावर कोणता सुरतकर आड येईल?

दुपारच्या हिंडण्याविषयी मात्र चार शब्द विस्ताराने लिहिले पाहिजेत. कारण ही नगरी पायी हिंडणाऱ्यास फार थोड्यात फार देते. चौक बाजाराशेजारी तापीच्या काठी सोळाव्या शतकातील किल्ला आहे. त्यात आता संग्रहालय केले आहे. तेथून जवळच मोगल सराई. शहाजहानच्या कारकीर्दीत, १६४४ साली, यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी बांधलेल्या या वास्तूत आज महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. अल्प खर्चाच्या प्रवाशाने या सराईस नमस्कार केल्यावाचून पुढे जाऊ नये. स्नेही नसलेल्यांचीही सोय कोणी तरी पाहिली होती, याची ती साक्ष आहे.

कतारगाम दरवाज्याच्या बाजूस इंग्रजांची आणि डचांची जुनी दफनभूमी आहे. १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन तेथे भावासह एका दुमजली घुमटाखाली निजला आहे. ज्यांना कोंकणीचा अभिमान आहे त्यांनी मात्र डचांच्या बाजूस अवश्य जावे. तेथे हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याची भव्य समाधी आहे. हा कोचीचा डच अधिकारी. मलबारातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला, आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोंकणी वैद्य त्याचे साह्यकर्ते होते. त्यांनी १६७५ साली दिलेली कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे येत असता मुंबईनजीक समुद्रावरच व्हान ऱ्हेडे वारला आणि त्याला येथे आणून पुरले. आपली अक्षरे ज्याने सातासमुद्रापार छापून घेतली, तो आपल्या वाटेवरच पडलेला आहे आणि आपणांस त्याची वार्ता नाही, हे पाहून आम्ही काही वेळ तेथे स्तब्ध उभे राहिलो.

अश्विनीकुमार घाटावर गेलो. तापी ही सूर्यकन्या. आषाढ शुद्ध सप्तमीस सुरतकर तिचा जन्मदिवस साजरा करितात. मुलताईस उगम पावून खान्देशाला पाणी पाजीत ती येथवर येते. तिच्या मागोमाग खान्देशची माणसेही आली, आणि लिंबायत-उधन्याकडे गेल्यास आजही कानांवर अहिराणी पडते. या घाटावर तीन पानांचा वड दाखवितात आणि कर्णाचा अंत्यसंस्कार येथे झाला अशी कथा सांगतात. कथा ती कथाच. परंतु दात्यांच्या शिरोमणीस आपल्या गावी जागा द्यावी असे ज्या नगरीस वाटले, तिचा स्वभाव त्यातून कळतो. फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेविले आहे की, सुरतेच्या लुटीत शिवरायांनी डचांच्या एका मृत दलालाच्या घरास हात लाविला नाही, कारण तो गृहस्थ मोठा दानशूर म्हणून त्यांस सांगण्यात आले होते. म्हणजे ज्या लुटीखेरीज आम्हांस सुरत ठाऊक नाही, त्या लुटीतही उदार माणसाचा उंबरठा ओलांडावयाचा नाही, हा विवेक होता. तीन रात्रींच्या पाहुण्याने तो पाळावयास नको काय?

आता भेटवस्तू. रोकड देणे अशक्य. महागडी वस्तू देणे म्हणजे पावती फाडणे. गावाकडची कोकमसोले, फणसाचे साठ, थोडे उकडे तांदूळ हे नेलेच. परंतु कार्तिकात आम्ही गोव्यास गेलो होतो, तेव्हाच कवळ्यास श्रीशांतादुर्गेचा प्रसाद मागून घेतला होता. ती त्यांची कुलदेवता. आजींना सहा वर्षांत देवीचे दर्शन घडले नव्हते; आणि आता तो खर्च मित्राच्या आटोक्यात नाही, हे न सांगता कळण्यासारखे होते.

पहिल्या रात्री ती पुडी आजींच्या हाती दिली. त्यांनी ती कपाळास लाविली, देवापुढे ठेविली, आणि मग आम्हांस समोर बसवून उलटतपासणी सुरू केली. तळीला पाणी किती होते? दीपस्तंभाला रंग दिला काय? अभिषेकाला कोण बसले होते? आमची वकिली तेथे चालली नाही. अर्ध्या प्रश्नांची उत्तरे सौभाग्यवतींनी दिली. मित्र दाराशी उभा राहून ऐकत होता. मंदीविषयी तो तीन दिवसांत एक अक्षर बोलला नाही. आम्हीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ‘बाजार पाहू’ म्हणून उंधियूची भाजी आणि तापीकाठचा कोवळ्या ज्वारीचा पोंक, म्हणजे आपल्या हुरड्याचा सुरती भाऊ, लिंबू-मिऱ्याच्या शेवेसह घेऊन आलो. वहिनींनी आमच्याकडे एकदा रोखून पाहिले आणि पिशवी आत नेली. आजी मात्र हसून म्हणाल्या, “सोयरे येनात जाल्यार रांदण लेगीत रुसता.” पाहुणे आले नाहीत तर चूलसुद्धा रुसते! आमची सारी अंदाजपत्रके या एका वाक्याने निकालात निघाली. खर्च टाळण्यासाठी आम्ही गेलो नसतो, तर त्या घराला सर्वांत महाग पडले असते ते आमचे न जाणेच.

म्हणून आमचे मत असे बनले आहे. स्नेह्याकडे उतरणाऱ्याने यजमानाचा भार हलका करावा, पण तो नाहीसा करू पाहू नये. दिवस मोजके असावेत, वेळ सोईची असावी, दुपार आपली आपण काढावी, बाजारातून हात हलवीत येऊ नये. इतके केल्यावर जे देणे उरते, ते उरू द्यावे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण एका रकमेत फिटत नाहीत. यजमानाचे ऋणही त्याच जातीचे आहे. ते फेडले की संबंध संपतो; थोडे शिल्लक राहिले की पुन्हा जाणे-येणे घडते.

निघताना वहिनींनी सुतरफेणीचा डबा हाती दिला. तो आमच्या कोणत्याच रकान्यात बसेना; आम्ही तो ‘किरकोळ’मध्ये लिहिला नाही. मित्राला एवढेच सांगितले की, पुढल्या माघात कवळ्याच्या जत्रेस आम्ही जाणार आहोत. सुरतेहून गोव्याचा प्रवास आजींना एका दमात झेपणार नाही, तेव्हा मध्ये मुंबईस आमच्याकडे उतरावे आणि पुढे सर्वांनी मिळून जावे. त्याने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. परवा आजींचा दूरध्वनी आला, ‘आमी येतलीं.’ कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने, ते काही त्यांनी सांगितले नाही. तिथी ठरलेली नसल्यामुळे शास्त्राप्रमाणे अतिथी आहेत त्या त्याच. सौभाग्यवतींनी आतली खोली आतापासूनच आवरावयास घेतली आहे.