शहराच्या मध्यभागींचें वन

मोठ्या शहरांतील उपवन म्हणजे निसर्गानें आपल्यासाठीं राखून ठेवलेला तुकडा, असें पाहणाऱ्यास सहज वाटतें. न्यूयॉर्क येथील ८४३ एकरांचें सेंट्रल पार्क पाहण्याचा योग मला आला, तेव्हां तेथील ‘रॅम्बल’ नामक राईंतील आडवाटांनीं हिंडतांना आपण एका महानगरींत आहों हें मी क्षणभर विसरलों. पुढें दक्षिणेस ‘शीप मेडो’ हें विस्तीर्ण कुरण लागतें. तेथें १९३४ सालापर्यंत खरोखरच मेंढरें चरत असत.

परंतु हें वन आपोआप उगवलेलें नाहीं. ही भूमि खडकाळ व दलदलीची होती. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा १८५८ सालीं पसंत झाला, आणि हजारों मजुरांनीं सुरुंगानें खडक फोडून, गाड्या भरभरून माती आणून तेथें झाडें लावलीं. इंग्लंडांतील बर्कनहेडचें उद्यान गरिबांसही खुलें आहे, हें ओल्मस्टेडनें १८५० सालीं पाहिलें होतें व तें त्याच्या मनावर ठसलें होतें. ज्यांनीं रोपें लावलीं, त्यांपैकीं पुष्कळांस त्यांची दाट सावली लाभली नसेल. ती आज परक्या देशांतून आलेल्या मजसारख्यास लाभते.

तथापि या गोष्टीस दुसरी बाजू आहे. उद्यानाच्या पश्चिम भागीं १८२५ सालापासून ‘सेनेका व्हिलेज’ नांवाची, मुख्यतः स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तेथें तीन उपासनामंदिरें व एक शाळा होती. त्या काळीं त्या राज्यांत कृष्णवर्णी पुरुषास मत देण्यासाठीं २५० डॉलर किमतीची स्थावर मिळकत असावी लागे. म्हणून घर हा केवळ निवारा नव्हे, तर नागरिकत्वाचा आधार होता. उद्यानासाठीं ती जमीन सक्तीनें घेण्यांत आली आणि १८५७ सालीं वस्ती उठली. २०११ सालच्या उत्खननांत तेथें एक लोखंडी किटली व एका लहान मुलाचा जोडा सांपडला. मी शिक्षक, तो जोडा पायांत घालून कोणतें मूल त्या शाळेच्या वाटेनें जात असेल, हा विचार माझ्या मनांतून जाईना.

मग त्या हिरवळीचा आनंद घेऊं नये काय? अवश्य घ्यावा. परंतु तो ज्यांच्या श्रमांनीं व ज्यांच्या हानीनें मिळाला, त्या दोघांचेंही स्मरण ठेवून घ्यावा. आपल्या गांवच्या बागेंत मुलांस नेणाऱ्या पालकांसही माझी एवढीच विनंति आहे, कीं हीं झाडें कोणीं लावलीं, आणि येथें पूर्वीं कोण राहत होतें, हे दोन प्रश्न मुलांस विचारावयास शिकवावे.