घर विकणे आहे

'उपयोजित मराठी' ही अभ्यासपत्रिका महाविद्यालयात आली तेव्हा आमच्या विभागातल्या बहुतेकांनी नाके मुरडली होती. संतसाहित्य, नवकथा आणि सौंदर्यशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसांनी आता जाहिरातलेखन शिकवायचे! ज्येष्ठांनी आपापली सोय पाहिली आणि ती पत्रिका माझ्याकडे आली. गेली बारा-तेरा वर्षे मी द्वितीय वर्षाच्या मुलांना जाहिरात कशी लिहावी हे सांगत आहे, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासत आहे. स्वतः जाहिरात लिहिण्याचा प्रसंग मात्र मागच्या वर्षापर्यंत माझ्यावर आला नव्हता.

आमचे घर जळकोटला आहे. तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गच्या पुढचे जळकोट. एवढे तपशील देण्याचे कारण पुढे येईल. आबा गेल्यावर आई माझ्याकडे सोलापूरला आली, दादा आधीपासूनच पुण्याला, धाकटी बहीण नागपूरला. चार वर्षे घराला कुलूप होते. कुलूप लावलेले मातीचे घर लवकर थकते. माळवदावर गवत उगवते, उंदीर बिळे करतात, आणि प्रत्येक पावसाळ्यात घर थोडे थोडे आत येऊ लागते. शेवटी विकायचे ठरले. दादाच्या मुलाने एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली: 'जुने घर विकणे आहे. जळकोट. हायवेपासून जवळ. किंमत बैठकीत.' सोबत चार छायाचित्रे. दुपारच्या उन्हात काढल्यामुळे बाहेरची भिंत पांढरीफटक आणि आतले सगळे काळेकुट्ट दिसत होते.

तीन महिन्यांत एकच फोन आला. त्या गृहस्थांना लातूर जिल्ह्यातले जळकोट हवे होते, ते तालुक्याचे गाव आहे. 'मग तसं लिहायचं ना,' असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. भाच्याने माझ्याकडे धाव घेतली. "आत्या, तू मराठी शिकवतेस ना? मग ही जाहिरात जरा नीट करून दे."

मी ती वाचली आणि आधी व्याकरणातच अडकले. 'विकणे आहे.' या वाक्याला कर्ता नाही. कोण विकतो आहे? कोणीच नाही. घर जणू आपोआप विक्रीला निघाले आहे, आणि आपण फक्त ती वार्ता कळवत आहोत. छोट्या जाहिरातींच्या मराठीत ही रचना इतकी रुळली आहे की तिच्यात काही वेगळे आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. 'किंमत बैठकीत' हाही तसाच प्रकार. ज्याला आकडा सांगण्याचा संकोच वाटतो त्याच्यासाठी भाषेने केलेली ती सोय आहे. असो.

माझा पहिला खर्डा दीड पानांचा झाला. त्यात ढाळज होती, ढाळजेतल्या संध्याकाळच्या गप्पा होत्या, साण्यातून चौकात उतरणारा उन्हाचा कवडसा होता, देवळीतली पणती होती. भाच्याने तो वाचून विचारले, "यात घर किती चौरस फूट आहे ते कुठं आहे?" प्रश्न रास्त होता.

आमच्याकडे घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे एक खण. सात खणांचा सोपा, पाच खणांचे माजघर. पण खणाला ठरीव माप नाही. ज्याने घर बांधले त्याला किती लांबीचे लाकूड मिळाले, यावर ते ठरते. म्हणजे खण हे अंतराचे नव्हे, ऐपतीचे माप आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग? म्हणून आम्ही फीत घेऊन गेलो. बाहेरून घर तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब भरले: पंधराशे चौरस फूट. भिंती अडीच फूट जाडीच्या. त्या वजा केल्या तर आतून पंचवीस बाय पंचेचाळीस, म्हणजे अकराशे पंचवीस. पावणेचारशे चौरस फूट, घराचा नेमका चौथा हिस्सा, नुसत्या बाहेरच्या भिंतींनी व्यापलेला होता. 'उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार' असे मी खर्ड्यात लिहिले होते. त्या सुखाचे क्षेत्रफळ प्रथमच कळले.

कागदपत्रांची पेटी उघडली. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा होता, त्यावर अजून आबांचेच नाव. त्याखाली आजोबांनी घर घेतले तेव्हाचा मूळ दस्तऐवज निघाला. फसली सन १३५३, म्हणजे इसवी १९४३-४४. जळकोट तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि दस्तऐवज उर्दूत आहे. आमच्या घरात तो कोणालाच वाचता येत नाही. नळदुर्गच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचून अर्थ सांगितला. साऱ्या कागदात घराला एकही विशेषण नाही. घर मोठे की लहान, चांगले की वाईट, काही नाही. पूर्वेला कोणाची भिंत, पश्चिमेला कोणाचा वाडा, दक्षिणेला रस्ता, उत्तरेला कोणाची मोकळी जागा, एवढेच. शेजारी सांगितले की घर सांगून झाले. त्या चारांपैकी आज कोणी हयात नाही आणि उत्तरेच्या मोकळ्या जागेत आता पिठाची गिरणी आहे.

मराठी खरेदीखतांत आजही एक जुना सामासिक डौल टिकून आहे: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दिली, असे लिहितात. म्हणजे जमिनीखाली पुरलेले धन असेल तर तेही दिले. विकणारा स्वतःला ठाऊक नसलेलेसुद्धा देऊन टाकतो, हे मला फार आवडते. ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि त्या ओघात मुलांना घरचा अभ्यासही दिला: माझ्या जळकोटच्या घराची शंभर शब्दांत जाहिरात लिहा. (स्वतःचे काम विद्यार्थ्यांकडून करून घेण्याचा हा प्रकार सभ्य होता की नाही, यावर मतभेद होऊ शकतील.)

मुलांनी अपेक्षेप्रमाणे 'स्वप्नातील घर', 'निसर्गाच्या कुशीत', 'सुवर्णसंधी' असे लिहून आणले. दोघा-तिघांनी नळदुर्गचा किल्ला आणि तिथला पाणीमहालही जाहिरातीत ओढला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र काहीच लिहिले नव्हते. ती लोहारा तालुक्यातली. मी कारण विचारले तर म्हणाली, "मॅडम, भिंती दगड-मातीच्या आहेत का, ते तुम्ही सांगितलं नाही."

वर्ग क्षणभर गप्प झाला. वर्गातल्या कोणाचाही जन्म १९९३ मध्ये झालेला नव्हता. पण लोहारा, उमरगा, औसा या भागातल्या मुलांना ते साल वेगळे शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबरची पहाट, चारला काही मिनिटे कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. सरकारी हिशेबाने सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप तसा मध्यम ताकदीचाच होता, असे तज्ज्ञ सांगतात. माणसे मेली ती घरांमुळे. दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती, आतली एक आणि बाहेरची एक, मध्ये माती आणि खडे. दोघींना आरपार बांधून ठेवणारा जोडदगड नसला की हादऱ्याने त्या एकमेकींपासून सुटतात. वर माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. पाणी गळू नये म्हणून दर वर्षी मृगाआधी त्यावर नवी माती टाकायची, आणि छप्पर वर्षागणिक जड होत जायचे. 'उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार' ज्यामुळे होते, तेच हे.

आमच्या घरी त्या पहाटे कोणाला खरचटलेही नाही. खांब-तुळयांनी माळवद तोलून धरले. उत्तरेच्या भिंतीला मात्र कोपऱ्यातून भेग गेली आणि मध्यावर तिला पोट आले. पुढे कित्येक महिने आम्ही अंगणात, ताडपत्रीखाली झोपत होतो. घरे मजबूत करून घेण्यासाठी सरकारी मदत आली, तेव्हा आबांनी भिंतीला हात न लावता मागे परसात विटांची एक खोली बांधली. गावोगावी बऱ्याच जणांनी तेच केले. नवी खोली डोळ्यांना दिसते, भिंतीत घातलेला जोडदगड कुणाला दिसतो? आम्ही भावंडे त्या खोलीत झोपू लागलो. आई-आबा मात्र माजघरातच राहिले, उत्तरेच्या भिंतीकडे पाय करून.

त्या मुलीच्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी जळकोटला गेले. दादा पुण्याहून आधीच आला होता. नव्या छायाचित्रांसाठी त्याने घर झाडून-पुसून घेतले होते, दाराला तेलपाणी केले होते, आणि उत्तरेची भेग सिमेंटने भरून वरून चुन्याचे दोन हात दिले होते. सकाळच्या उन्हात भिंत देखणी दिसत होती. पोट आलेले असे सहजी कळत नव्हते, ठाऊक असणाऱ्यालाच कळावे इतके.

"लपवायचं म्हणून नाही केलं," दादा म्हणाला. "पाहुणा येणार म्हणून आपण घर सारवतो की नाही, तसंच."

त्याचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. जाहिरात म्हणजे सारवणच, हे मीच वर्गात वेगळ्या शब्दांत शिकवत होते. विद्यार्थ्यांना मी 'वैशिष्ट्ये अधोरेखित करा' असे सांगत आले, उरलेल्याचे काय करायचे हे पुस्तकात नव्हते. पण कायद्यात होते. वकील असलेल्या एका मैत्रिणीने सांगितले की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ म्हणते, मिळकतीत एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल, आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला तो दिसण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते. म्हणजे गंमत अशी की भेग उघडी होती तोवर गिऱ्हाइकाने ती स्वतः पाहिली असती. चुन्याचे दोन हात दिले आणि ती सांगण्याची जबाबदारी आमच्यावर आली.

दादाला मी कलम सांगितले. तो म्हणाला, "गावाकडचा व्यवहार, कोण कोर्टात जातंय?" तेही खरे. मग आईला फोन लावला. तिने दोघांचे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "घेणाऱ्याच्या घरात लेकरं आहेत का?" आम्ही म्हणालो, अजून घेणाराच नाही. "मग आधीच लिहून टाका," ती म्हणाली. "तो दारात आल्यावर तुमची जीभ रेटायची नाही." पुढे थोडे थांबून, "माझी तीस वर्षांत नाही रेटली तुमच्या आबांपुढं." ती त्या भिंतीशेजारी रोज भीत झोपत होती, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले. दादाने फोन माझ्या हातात दिला आणि तो परसात निघून गेला.

शेवटी जी जाहिरात गेली ती अशी:

'जळकोट (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) येथे गावठाणातील दगड-मातीचे माळवदी घर आम्ही तिघे भावंडे विकत आहोत. बाहेरून ३० × ५० फूट, आतून ११२५ चौरस फूट. सागवानी खांब व तुळया सुस्थितीत. मागे विटांची एक खोली (१९९५). उत्तरेची भिंत १९९३ च्या भूकंपात फुगली आहे, वरून चुना दिला असला तरी ती आतून सुटलेली आहे. राहायला येण्यापूर्वी ती उतरवून पुन्हा बांधावी लागेल, माळवदावरची माती कमी करावी लागेल. किंमत त्या हिशेबाने सांगू.'

भाच्याने त्यात जुन्या भेगेचे छायाचित्रही टाकले. दादाच्या मोबाइलमध्ये चुन्याआधीचे एक निघाले. वर्गात दाखवली तेव्हा मुले हसली. एक जण म्हणाला, मॅडम, या जाहिरातीला दहापैकी तीन गुण. 'आम्ही विकत आहोत' हे कर्त्यासह असलेले वाक्य कोणाच्या ध्यानात आले नाही.

फोन मात्र आले. पहिले दोन जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांचे. त्यांना घराशी कर्तव्य नव्हते, खांब-तुळया काढून नेऊन उरलेला ढिगारा आम्हालाच ठेवायचा, असा त्यांचा हिशेब. दादाचा कल तिकडे होता, पैसे रोख होते. तिसरा फोन जवळच्याच गावातल्या एका गवंड्याचा. त्याने क्षेत्रफळ विचारले नाही की रस्ता विचारला नाही. "उत्तरेच्या भिंतीत घडीव दगड किती निघंल?" हा त्याचा पहिला प्रश्न. तो बायको आणि दोन मुलांना घेऊन आला, बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत ठोकत गेला, पोटाच्या जागी थांबला आणि आवाज ऐकून मान हलवली. भिंत उतरवून तोच दगड सिमेंटात, जोडदगड घालून पुन्हा चढवता येईल, माळवदाची माती काढून वर पत्रा टाकता येईल, मजुरी घरचीच, असे त्याने बायकोला समजावले. किंमत व्यापाऱ्यांपेक्षा कमी सांगितली. दोन दिवस आमच्यात बरेच बोलणे झाले, ते इथे लिहीत नाही. इसार त्याच्याकडून घेतला.

वारसनोंदीचे काम आणि धाकट्या बहिणीची सही यांत खरेदीखत जूनअखेरपर्यंत लांबणार होते. मेच्या मध्यावर गवंड्याचा फोन आला: पावसाआधी माळवदावरची माती उतरवू का? दादा म्हणाला, नोंदणी होईपर्यंत घराला हात लावू द्यायचा नाही, उद्या व्यवहार फिसकटला तर? व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे बरोबरच होते. आईने फोन मागून घेतला आणि गवंड्याला म्हणाली, "उतरवा तुम्ही. देवळीत पितळी पणती राहिलीय, ती तेवढी बाजूला काढून ठेवा."

मे संपायच्या आत त्याने निम्मी माती उतरवली. त्याने मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रात ती दाराबाहेर ढीग होऊन पडली आहे, आणि वर कोणी तरी मुलगा उभा आहे.