मायेचें औषध

आमच्या घरीं एक मनी होती. ‘होती’ हें क्रियापद लिहितांना माझा हात अजूनही अडखळतो. कारण त्या भूतकाळाचा कर्ता मीच आहें.

जेऊरचें आमचें घर स्टेशनपासून फारसें दूर नाहीं. पुणें-सोलापूर मार्गावरील गाड्यांच्या शिट्यांवरून आम्ही दिवसाचे प्रहर ओळखतों. मनीलाही ही विद्या अवगत होती कीं काय, कोण जाणे! सायंकाळची गाडी गेली म्हणजे ती माझ्या टेबलावरील उत्तरपत्रिकांवर ऐसपैस बसून दुधाची आठवण करून देई. पुष्कळ विद्यार्थ्यांचें अज्ञान तिनें असें दयाळूपणें झांकून टाकलें असेल. माझें मात्र तिला झांकतां आलें नाहीं.

एका हिंवाळ्यांत ती तापानें फणफणली. दुधाकडे पाहीना, बोलावलें तरी डोळे उघडीना. जनावरांचे डॉक्टर सकाळीं येणार होते, आणि रात्र तर सरतां सरेना. शेवटीं मीं त्रैराशिक मांडलें : माणसाला तापावर पॅरासिटामॉलची एक गोळी, तर एवढ्याशा जिवाला अर्धी पुरे. मोठ्या मायेनें, दुधांत कालवून, मीं ती तिला पाजली.

पहांटे तिचें तोंड सुजलें. हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन तेथें तपकिरी निळसर छटा आली. डॉक्टरांनीं आल्याबरोबर एवढेंच विचारलें, “काय दिलंत हिला?” मग त्यांनीं समजावून सांगितलें, कीं हें औषध निरुपद्रवी करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत जवळजवळ नसतेच. त्यामुळें रक्तांतील तांबड्या पेशी बिघडतात, रक्त वाहत असतें पण प्राणवायु वाहून नेत नाहीं. यावर उतारा आहे. तो वेळेवर मिळावा लागतो. मनीची वेळ टळून गेली होती. दुपारच्या आंत ती गेली.

त्यानंतर मीं या विषयावर पुष्कळ वाचलें. उशिरां सुचलेलें शहाणपण, दुसरें काय! साप, उंदरांचें विष, रस्त्यावरील मोटार हे शत्रु आपणांस ठाऊक असतात. पिसाळण्याच्या रोगाचेंही भय आपण ओळखतों. पाश्चरनें १८८५ सालीं त्यावरील लस माणसाला टोंचली, आणि आज कुत्र्यामांजरांना ती वेळच्या वेळीं टोंचून घेतां येते. परंतु जें आपण लाडानें देतों त्याचें काय? आमच्या जिल्ह्यांत द्राक्षांचें कौतुक मोठें. पण मूठभर द्राक्षांनीं किंवा बेदाण्यांनीं एखाद्या कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. भाकरीवर घातलेलें कांद्याचें कालवण, कच्चें असो वा शिजलेलें, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतें. मुलांच्या हातचें चॉकोलेट कुत्र्याच्या हृदयाची गति बिघडवितें. उन्हाळ्यांत आपल्याला घाम येतो. कुत्र्याला मुख्यतः धापा टाकूनच अंग निववावें लागतें. त्याला बंद मोटारींत ‘पांचच मिनिटें’ ठेवणें म्हणजे भट्टींत ठेवणें होय.

अशा वेळीं मला नामदेवांची कथा आठवते. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां ती कोरडी खाऊं नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. आजचे डॉक्टर म्हणतील, तूप जरा बेतानेंच द्या! पण कथेचें मर्म तुपांत नाहीं. नामदेवांनीं कुत्र्यांत विठ्ठल पाहिला. मीं मांजरांत एक लहानसा प्राध्यापक पाहिला. प्रेम करतांना समोरचा जीव आपल्याहून निराळा आहे, ही जाणीव माझ्यापाशीं नव्हती.

आतां उत्तरपत्रिकांवर दुसरें एक पिल्लूं बसतें. औषधांची पेटी कुलुपांत आहे, आणि डॉक्टरांचा दूरध्वनि-क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. परवां तें शिंकलें, तेव्हां माझा हात संवयीनें किल्लीकडे गेला. मीं तो मागें घेतला, डॉक्टरांना विचारलें, आणि सकाळपर्यंत नुसता त्याच्याजवळ बसून राहिलों. माया करण्याचा हा प्रकार मला फार उशिरां साधला.