शेरा कोणाचा?



माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत, पुरवठा शाखेत झाली. निवृत्तीनंतर हिवाळ्यात मी मुलाकडे इथे मस्कतला, हमरियात असते. संध्याकाळी फिरायला निघालं की गप्पांचा विषय हल्ली एकच, एआय!

माझी भाची महाराष्ट्रात सरकारी नोकरीत आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, तू तासभर बसून लिहायचीस ती टिपणी आता एआय दोन मिनिटांत लिहून देतं." कौतुक वाटलं. पण मनात आलं, टिपणी लिहिताना नुसती शाई खर्च होत नसे. एखाद्या विधवेचं रेशनकार्ड रद्द करावं असं लिहायला घेतलं की हात थबकायचा. मग पुन्हा कागद चाळायचे, घरी जाऊन चौकशी करायची.

आपल्या शेजारच्या तेलंगणात 'समग्र वेदिका' ही प्रणाली निरनिराळ्या खात्यांची माहिती जुळवून अपात्र लोक शोधते. हैदराबादच्या एका रिक्षा ओढणाऱ्याच्या नावावर तिने चक्क मोटार दाखवली आणि त्या घराला रेशन नाकारलं गेलं! राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. नेदरलँड्समध्ये तर मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानापायी हजारो पालक लबाड ठरवले गेले. कोणावर संशय घ्यायचा, हे ठरवण्यात संगणकाचाही हात होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला.

तिथले कर्मचारी दुष्ट होते असं मला वाटत नाही. यंत्राला 'हो' म्हणायला एक क्लिक पुरतं. 'नाही' म्हणायचं तर कारण लिहा, साहेबांना उत्तर द्या! "सिस्टीमनेच सांगितलं" म्हटलं की आपण मोकळे. राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्याला अजून आठवतात, कारण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

एआयला माझा विरोध नाही. पत्राचा मसुदा करायला, जुना जीआर शोधायला जरूर वापरावं. भाचीला एवढंच सांगितलं, "आधी तुझं मत कागदावर लिही, मग त्याला विचार. आणि कोणाचं काही बंद करायचं असेल, तर त्या माणसाशी एकदा बोल."

आपली मुलंही उद्या कुठल्या ना कुठल्या देशात अशा खुर्चीवर बसतील. शेरा यंत्राने सुचवला तरी खालची सही आपली असते, एवढं त्यांना घरातूनच कळलेलं बरं. नाही का?