न आलेल्या गड्याचा डाव

शिकागोहून मोटारीने दीड-दोन तासांवर, विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाचं टुमदार गाव आहे. १८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागोच्या धनिकांनी इथल्या तळ्याकाठी बंगले बांधले. तळ्याभोवती सुमारे चौतीस किलोमीटरची पायवाट आहे. ती थेट या बंगल्यांच्या अंगणांतून जाते आणि चालणाऱ्याला कुणी हटकत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये बहिणीकडे गेलो, तेव्हा मुलाने बजावलं होतं, "बाबा, हे गाव पाहिल्याशिवाय येऊ नका." कारण बंगल्यांचं नव्हतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ याच गावातून जगभर गेला. इथले गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. १९७४ मध्ये पहिल्या हजार प्रती निघाल्या. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र बोलतात, आणि फासा पडेल तशी गोष्ट वळते. ना हार, ना जीत. दशावतारी सोंग आणि सोंगट्यांचा पट एकत्र आल्यासारखंच म्हणा ना! कन्नडमध्ये ज्याला 'पगडे' म्हणतात, तो पट आपल्या घरांना नवा नाही.

टिळकवाडीत आमच्या माडीवर दर रविवारी हा डाव रंगतो. मुलं मराठीत भांडतात, कन्नडमध्ये समेट करतात. पाचातला एकजण गेल्या पावसाळ्यापासून उपचारांसाठी बंगळुरूच्या रुग्णालयात आहे. त्याच्या पात्राचं काय करायचं? मारून टाकायचं? नवा गडी घ्यायचा? पोरं अबोल झाली होती.

लेक जिनिव्हात या प्रश्नाचं उत्तर जागोजागी दिसतं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये, १९६८ साली, पन्नास डॉलर भाडं भरून गायगॅक्स यांनी खेळगड्यांचा पहिला मेळावा भरवला. ४ मार्च २००८ रोजी ते गेले. अंत्यविधीनंतर मित्रमंडळी गावातल्याच एका सभागृहात जमली आणि चक्क खेळायला बसली. पुढच्या वर्षीपासून त्याचाच 'गॅरी कॉन' हा वार्षिक मेळावा झाला.

याहून मोलाची गोष्ट नियमांच्या पुस्तकात आहे. पहिल्या फळीतल्या गड्यांच्या पात्रांची नावं तिथल्या मंत्रांना दिलेली आहेत. जिम वॉर्ड हे त्यांतले एक. त्यांच्या इंग्रजी नावाची अक्षरं उलटी लावून 'ड्रॉमिज' हा जादूगार झाला. त्याच्या मंत्राने दूर ठेवलेली आपली वस्तू क्षणात हातात येते. मात्र ती दुसऱ्या कुणापाशी असेल, तर येत नाही. ती कुणाकडे आणि कुठे आहे, एवढं कळतं. वॉर्ड २०२४ मध्ये गेले, पण आजही कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी तो मंत्र म्हणतच असेल.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं. पोरांनी त्यातून आपली रीत काढली. मित्राचं पात्र आता पलीकडच्या डोंगरात औषधी आणायला गेलं आहे. त्याला कुणी मारायचं नाही, त्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही. शनिवारी संध्याकाळी, त्याच्या अंगात त्राण असेल तर, आई त्याच्या कानाशी फोन धरते. "डोंगरात काय दिसतंय?" एवढंच मुलं विचारतात. तो दोन वाक्यं सांगतो. रविवारचा डाव त्या दोन वाक्यांनी सुरू होतो. ज्या शनिवारी फोन येत नाही, त्या रविवारी डोंगरात पाऊस आहे असं ठरतं.

वाचकहो, निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कन्नडमध्येही 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येतो. परवाच्या शनिवारी फोन ठेवताना तो हेच म्हणाला. पोरांनी त्याचा फासा पटाशेजारी ठेवला आहे. तो कुणी टाकत नाही.