घास आणि श्वास

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो सोपा होता. घरच्या काचपेटीतल्या मासोळ्यांना खायला घालताना पंप बंद ठेवावा का, आणि त्यासाठी हल्ली जे टायमर मिळतात ते घ्यावेत का. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा, आष्टी, चामोर्शी या पट्ट्यात मत्स्यपालकांना पाणी तपासून देते, टाक्यांना हवा किती लागेल याचा हिशेब करून देते. काचपेट्या माझ्याकडे क्वचित येतात, बायोफ्लॉकच्या टाक्या नेहमीच्या. तरी मी लगेच होकार दिला, कारण हाच प्रश्न गेल्या वैशाखात एका टाकीवर माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याचं उत्तर त्या गावाला अजून पटलेलं नाही.

आधी काचपेटीचं सांगते. दाणे टाकले आणि फिल्टर चालू राहिला, तर दाणे प्रवाहात सापडतात आणि फिल्टरच्या स्पंजात जाऊन बसतात. तिथे ते कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो, आणि मालक म्हणतो, फिल्टर असूनही पाणी खराब कसं झालं? गोल पोटाचे गोल्डफिश, फायटर यांसारखे संथ मासे वाहत्या दाण्यामागे धावू शकत नाहीत. म्हणून दहा-पंधरा मिनिटं पंप थांबवणं योग्यच आहे. पण लोक घाबरतात. पंप थांबला की मासोळी गुदमरेल, असं त्यांना वाटतं.

त्यांनी हा हिशेब बघावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आपण सात धरू, म्हणजे पेटीत ३८५ मिलिग्रॅम झाले. चार गोल्डफिश मिळून १०० ग्रॅम वजनाचे असतील, तर त्यांना तासाला ढोबळमानाने ३० मिलिग्रॅम लागतो. पृष्ठभागावरून आपोआप मिसळणारी हवा मी धरलेलीच नाही. पंधरा मिनिटांत या पेटीतल्या साठ्याला ओरखडाही उमटत नाही. उलट, बुडबुडे दिसतात तोवर सगळं ठीक, ही समजूत मला जास्त काळजीची वाटते. उथळ पेटीत बुडबुड्यातून थेट विरघळणारा प्राणवायू थोडाच असतो. बुडबुडा पाणी वर ढकलतो, पृष्ठभाग हलता ठेवतो, आणि हवा तिथून पाण्यात शिरते. वर तेलकट साय धरली असेल, तर खालून कितीही बुडबुडे सोडा, उपयोग अर्धाच.

एक सूचना मात्र पाळाच. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल, तर तो थांबताच नळीतून पाणी उलटं वाहत पंपात उतरू शकतं, आणि पुढे विजेच्या बोर्डापर्यंत पोचू शकतं. नळीत एकदिशा झडप बसवा, नाहीतर पंप उंचावर ठेवा. टायमर लावण्याआधी हे करा.

बायोफ्लॉकच्या टाकीत हाच पंप थांबवणं म्हणजे अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि लोकांचं धाडस नेमकं तिथे वाढतं. पेटीवाला पाच मिनिटांना भितो, टाकीवाला तासाला भीत नाही.

मुलचेऱ्याच्या आसपास या टाक्या का वाढल्या, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या अनेक बंगाली कुटुंबांना त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवलं गेलं. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो पुढे, १९८२ साली. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं त्या वसाहतीतली. इथे घरामागे डबकं असलं तरी त्यात मासोळी सोडलेली असते. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, जुनी जाण आहेच, त्यात या कुटुंबांची भर पडली. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, अनुदान मिळू लागलं, आणि अंगणात ताडपत्रीच्या गोल टाक्या दिसू लागल्या.

बायोफ्लॉकची कल्पना इस्राएलच्या योराम अवनिमेलेक यांच्या कामातून जगभर गेली. पाणी बदलायचं नाही, त्यात गूळ किंवा मळी घालून जिवाणू वाढवायचे, ते अमोनिया खातात, त्यांचे पुंजके होतात आणि मासे ते पुंजके खातात. पण जिवाणूही श्वास घेतात, हे अनुदानाच्या अर्जात कुठे लिहिलेलं नसतं. चार मीटर व्यासाची, मीटरभर पाण्याची टाकी म्हणजे साडेबारा हजार लिटर. लिटरमागे सहा मिलिग्रॅमने ७५ ग्रॅम प्राणवायू शिल्लक. टाकीत दीडशे किलो मासे असतील, तर त्यांना तासाला ४५ ग्रॅम लागतो, आणि जिवाणू जवळपास तेवढाच ओढतात. म्हणजे हवा बंद झाल्यावर पंचवीस मिनिटांत साठा निम्म्यावर, आणि पाऊण तासाच्या पुढे जवळपास शून्यावर. शिवाय खाल्ल्यावर माशाची प्राणवायूची गरज वाढते, कारण पचनालाही श्वास लागतो. एक किलो खाद्यात ३० टक्के प्रथिनं असली, तर त्यातून सुमारे २७ ग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन सुटतो, आणि तो नायट्रीकरणाने नायट्रेटपर्यंत न्यायचा तर दर ग्रॅमला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू खर्च होतो. मी शाळेतलं रसायनशास्त्र उकरून काढते आहे हे मला कळतं, पण या आकड्यांशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही.

वैशाखातली ती टाकी एका बंगाली वस्तीतल्या तरुणाची होती. टाकीत तिलापिया, विक्रीला आलेले. तो संध्याकाळी सहाला खाद्य टाकायचा आणि टायमर लावून ब्लोअर, म्हणजे टाकीला हवा देणारा पंप, तासभर बंद ठेवायचा. हा तास आला कोळंबीच्या तळ्यांतून. तिथे खाद्य टाकताना एरेटर थांबवतात, म्हणजे खाद्य प्रवाहाने मधोमध गाळात जात नाही आणि कोळंबीला शांतपणे खाता येतं. तिथे ते चालतं, कारण एकरभर पाण्यात जीव विरळ असतात. तीच रीत कुणीतरी साडेबारा हजार लिटरच्या टाकीला लावली. मासे बोटाएवढे होते तोवर काही बिघडलं नाही. मोठे झाल्यावर ते तोंड वर काढू लागले की मुलगा शेजारीच असायचा, टायमरची कळ दाबून ब्लोअर आधीच चालू करायचा. तास पाळला जातच नव्हता, पण टायमरवर तो होता.

मग एके सकाळी अवकाळी वादळ झालं आणि नऊला लाइन गेली. घरच्यांनी जनरेटर आणला, ब्लोअरचा प्लग टायमरमधून काढून थेट जनरेटरला लावला, आणि आळीपाळीने पहारा देत मासे जगवले. संध्याकाळी पाचला लाइन आली. प्लग परत टायमरमध्ये गेला. दिवसभराच्या धावपळीत त्या दिवशी खाद्य टाकलं ते घाईत, ब्लोअर चालू असतानाच. सगळे दमून झोपले. पहाटे उठून बघतात तर टाकीवर पांढरी पोटं तरंगत होती, आणि ब्लोअर व्यवस्थित चालू होता.

पहिला शब्द निघाला तो विषाचा. शेजारच्या घराशी बांधावरून जुनं भांडण होतं, त्यामुळे नावही लगेच ठरलं. मी नऊला पोचले तेव्हा पोलीस ठाण्यात जायची तयारी चालली होती. मी मीटर पाण्यात घातला, प्राणवायू पाचाच्या वर. "बघा मॅडम, हवा तर बरोबर आहे ना," वडील म्हणाले. श्वास घेणारेच उरले नव्हते, त्यामुळे तो आकडा बरोबर येणारच होता. मी मेलेले मासे चाळले. तोंडं उघडी, कल्ल्यांची झाकणं ताठ फाकलेली. थोडी लहान पिल्लं जिवंत, मोठे सगळे गेलेले. विषात बहुधा लहान जीव आधी जातात, प्राणवायू संपला की मोठे आधी जातात. आणि तळाशी, घरच्यासाठी सोडलेल्या शिंग्या मजेत फिरत होत्या. आजाऱ्याला रस्सा करून द्यायला बंगाली घरांत शिंगी ठेवतातच. ती वर येऊन हवा घेते, म्हणून वाचली. पाण्यात औषध टाकलं असतं तर तिला कोण वाचवणार होतं?

मग मी टायमर पाहिला. चकतीवर कडेने पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खुंट्या, त्यांपैकी संध्याकाळी सहा ते सातच्या चार वेगळ्या केलेल्या. माझ्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले होते. टायमरचा बाण रात्रीच्या एकवर होता. या टायमरची चकती घरच्याच विजेवर फिरते. वीज गेली की ती जागच्या जागी थांबते, आली की तिथूनच पुढे चालते. नऊ ते पाच, आठ तास ती थांबली होती. तिच्या हिशेबाने संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा बाहेर रात्रीचे दोन वाजले होते. तिने ब्लोअर तासभर बंद केला आणि तीनला पुन्हा चालू केला, अगदी सांगितल्याप्रमाणे.

दिवसभर ज्यांना हाताने जगवलं ते मासे असे गेले. या प्रसंगानंतर मी चकतीचा टायमर कुठल्याही टाकीवर बसवू देत नाही, आणि याबद्दल माझ्याशी वाद घालणारे काही थोडे नाहीत. कुणी म्हणतं, आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, तो वेळ विसरत नाही. तो वेळ विसरत नाही हे खरं, पण माणूस जागेवर नसतानाही तो हवा बंद करतो. माझा आक्षेप त्यालाच आहे. बंद करण्याचं काम माणसाच्या हातात हवं आणि चालू करण्याचं काम यंत्राकडे. त्यासाठी बटण दाबल्यावर ठरावीक मिनिटांनी स्वतःहून सुटणारा रिले मिळतो. ब्लोअरची वायर त्याच्या एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या, संपर्कावर जोडायची, म्हणजे रिलेला वीज असेल आणि कुणी बटण दाबलं असेल तेवढ्यापुरताच ब्लोअर थांबतो. रिले जळाला, त्याची वीज तुटली, तरी ब्लोअर चालू राहतो. इलेक्ट्रिशियन सवयीने एनओवर, म्हणजे एरवी तुटलेल्या संपर्कावर, जोडतात, कारण बाकी सगळी यंत्रं तशीच जोडलेली असतात. मी प्रत्येक बोर्ड उघडून बघते. रिले बिघडला तर तो पंप चालू राहण्याकडे बिघडावा, एवढाच माझा हट्ट आहे.

खरं तर दाट टाकीत हवा थांबवायचीही गरज नसते. तरंगतं खाद्य वापरा आणि पीव्हीसी पाइपचं एक कडं पाण्यावर सोडा. दाणे कड्यात अडकून राहतात, मासे तिथे येऊन खातात, हवा चालू राहते. पाइपचा तुकडा आणि चार एल्बो, एवढाच खर्च. उघड्या बोडीत गोष्ट वेगळी. तिथे उन्हात शेवाळच प्राणवायू बनवतं, त्यामुळे दुपारी खाद्य टाकताना एरेटर थांबवला तर काही होत नाही. पण श्रावणात चार दिवस आभाळ भरून आलं की तिथेही पहाट अवघड जाते, आणि पहाटे तीन ते सहा एरेटर बंद ठेवायची गोष्ट मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

त्या टाकीत आता कडं आहे, नवं बियाणं आहे. तक्रार त्या दिवशी टळली. मी टायमरबद्दल एक कागद लिहून दिला, तो त्यांनी जपून ठेवला आहे. मुलाला पटलं. वडील मात्र मला अजून विचारतात, "टायमरचं खरं असेल मॅडम, पण मग त्या रात्री कुत्रं का भुंकत होतं?" शेजारच्या घराशी बोलणं बंदच आहे. दिवाळीनंतर मी तो जुना टायमर घेऊन जाणार आहे. दोन्ही घरच्यांना अंगणात बसवून तो सॉकेटमधून तासभर काढून ठेवायचा, मग परत लावायचा, आणि बाण कुठे उभा आहे ते त्यांच्याच घड्याळाशी ताडून बघायला सांगायचं.