निम्मा संभव

गंगाखेडास गोदेच्या घाटावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याच्या वडिलांचे हातपाय आपोआप हलत. गावाने त्यास अंगात येणे म्हटले, कोणी मद्यपानाचा संशय घेतला. निघाला तो जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन वैद्याने १८७२ साली वर्णिलेला रोग. त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यातील तीन अक्षरांची पुनरुक्ती चाळीस वा अधिक वेळा झाली, की त्यापासून घडणारे प्रथिन विकृत होते, इतर उपयोगी प्रथिनांस चिकटून त्यांस आपल्या गुठळीत ओढते, आणि मेंदूच्या पेशी मरतात. (संगतीचा दोष म्हणावा, तर संगत घरातलीच!) संततीस तो येण्याचा संभव निम्मा.

"सर, लग्न ठरते आहे. रक्त तपासू काय?"

आयुष्यभर उत्तरे सांगणारे आम्ही एवढेच म्हणालो, "त्या मुलीस आधी सांग."

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.